ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन : घरच्या इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी चालेल की लिथियमच घ्यावी?

घाटमाथा

ट्रॅव्हलर ३३५० ची कॅम्परव्हॅन करून घेतोय. आतलं सुतारकाम उरकत आलंय, वायरिंगला हात लावायचाय आणि बॅटरीपाशी गाडं अडलंय.

माणसं चार. महिन्यातून दोनदा शनिवार-रविवार कोकण नाहीतर सह्याद्री, उन्हाळ्यात एक मोठी फेरी, आणि ऑक्टोबरात स्पितीचा बेत. कुठंही प्लग न लावता दोन रात्री निघायला हव्यात. लोड असा: १२ व्होल्टचा ४५ लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज, १२ व्होल्टचे दोन पंखे, एलईडी दिवे चार, पाण्याचा पंप, एक लॅपटॉप, चार मोबाइल, चटणीपुरता मिक्सर. घरच्यांना इंडक्शनही हवंय. छतावर २०० वॅटची दोन सोलर पॅनेल बसतात.

हातात तीन कोटेशनं आहेत. १५० एएचच्या (अँपिअर-तास) दोन ट्युब्युलर ३४ हजार, १०० एएचच्या दोन एजीएम (सीलबंद) २७ हजार, आणि १२.८ व्होल्ट १०० एएच लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) दोन ७२ हजार. वायरमनचं म्हणणं, "लिथियमच्या नादी लागू नका, ट्युब्युलर घरोघरी चालते." घरातला १,१०० व्हीएचा इन्व्हर्टर पडून आहे, तोच वापरायचा विचार आहे. अल्टरनेटरपासून मागच्या बाकापर्यंत ६ स्क्वेअर एमएमची वायर ओढून ठेवलीय.

दुप्पट पैसे मोजण्यात अर्थ आहे का?

ओहमकाका

आधी दिवसाचा खर्च मांडू, मग बॅटरी. मे महिन्यात फ्रिज दिवसाला साधारण ११ तास प्रत्यक्ष चालतो. ४५ वॅटने ५०० वॅट-तास. पंखे २० वॅटचे दोन, ८ तास, म्हणजे ३२०. दिवे १००. पंप फार तर १५. मोबाइल ६०. लॅपटॉप इन्व्हर्टरवरून म्हणून २०० धरा. मिक्सर ७५० वॅटचा असला तरी पाच मिनिटंच, म्हणजे ६०-६५. बेरीज साधारण १,२५०, दोन दिवसांचे २,५००.

यात एक चोर आहे तो बहुतेक जण मोजत नाहीत. इन्व्हर्टर नुसता चालू ठेवला तरी स्वतःच खातो. १५ वॅट म्हटलं तरी चोवीस तासांत ३६० वॅट-तास, म्हणजे पंख्यांपेक्षा जास्त. त्याला हाताशी स्विच द्या, लॅपटॉप आणि मिक्सरपुरताच चालू करा. मोबाइल थेट १२ व्होल्टच्या यूएसबी सॉकेटवर.

आता बॅटरी. लेड-अ‍ॅसिड (ट्युब्युलर आणि एजीएम दोन्ही त्यातल्याच) निम्म्याखाली नेऊ नये हा नियम धरला तर १५० एएचच्या दोन ट्युब्युलरमधून हाती लागतात १,८०० वॅट-तास. १०० एएचच्या दोन एजीएममधून १,२००, म्हणजे एक दिवसही धड नाही. एलएफपीच्या दोन मिळून २,५६०, त्यातले नव्वद टक्के म्हणजे २,३०० निर्धास्त वापरता येतात. मधल्या दिवशी ढग नसतील तर सोलर ४०० वॅट × साडेचार तास × ०.७ म्हणजे १,२५० च्या आसपास देतं, तेव्हा लिथियमवर दोन रात्री सहज निघतात. सपाट बसवलेलं पॅनेल, वरची धूळ आणि तापलेला पत्रा मिळून ते ०.७ होतं. जुलैत कोकणात त्या १,२५० चा चौथा हिस्सा मिळाला तरी देव पावला म्हणायचं.

वजनाचंही बघा. १५० एएचची उंच ट्युब्युलर अ‍ॅसिडसकट ५०-६० किलो, दोन म्हणजे एक मोठा माणूस आणि वर एक लहान मूल. लिथियमच्या दोन मिळून २२ ते २५ किलो.

इंडक्शनचं स्वप्न मात्र १,१०० व्हीएवर विसराच. १,८०० वॅटची शेगडी आहे ती.

तांबडी_माती

काकांचा हिशोब बरोबर आहे, पण निर्णय क्षमतेवर होत नाही, चार्जिंगवर होतो. घरी ट्युब्युलर चालते कारण तिथं ती चोवीस तास भिंतीच्या विजेवर असते. महिन्यातून दोनदा वीज जाते, तासाभरात येते, आणि पुढचे दहा दिवस बॅटरी निवांत फ्लोटवर (भरलेली टिकवणाऱ्या कमी व्होल्टेजवर) भरत राहते. व्हॅनमध्ये नेमकं उलटं होतं.

लेड-अ‍ॅसिड ८० टक्क्यांपर्यंत भराभर भरते. उरलेल्या २० टक्क्यांत ती करंट घेणंच कमी करते. १५० एएचची एक बॅटरी निम्मी उतरली आणि तिला ३० अँपिअर दिले, तर पहिले ४५ एएच दीड तासात जातात, शेवटच्या ३० एएचला मात्र चार-पाच तास लागतात, तेही १४.४ व्होल्ट टिकून राहिले तर. तुम्ही लोणावळ्यापर्यंत दोन तास गाडी चालवणार, मग दोन दिवस फ्रिज. ती कधीच पूर्ण भरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत प्लेटांवर सल्फेट कडक होत जातं आणि वर्ष-दीड वर्षात १५० ची बॅटरी ८० चं काम करू लागते. मग दुकानदार म्हणतो "पाणी घातलं नसेल", गिऱ्हाईक म्हणतं "माल खराब". पाणी घातलेलं असतं. ती भरलेलीच नसते.

त्यात तुमची ६ स्क्वेअर एमएम वायर. जायचे-यायचे मिळून १२ मीटर, तांब्याचा रोध मीटरला ०.०१७५ भागिले ६. एकूण ०.०३५ ओहम. ३० अँपिअरला एक व्होल्ट वायरीतच जिरतो. अल्टरनेटर १४.२ देत असला तरी बॅटरीच्या टोकावर १३.२ पोचतात. १३.२ व्होल्टवर लेड-अ‍ॅसिड जन्मात भरणार नाही. ती वायर काढून दिवे-पंख्यांसाठी वापरा.

लिथियमचं हे दुखणं नाही. जवळजवळ शेवटपर्यंत ती सगळा करंट घेते. ३० अँपिअरच्या चार्जरवर दोन तास गाडी चालली की ६० एएच, म्हणजे साधारण पावणेआठशे वॅट-तास पोटात. आणि अर्धवट भरलेली राहिली तर तिचं काही बिघडत नाही, उलट तेच तिला मानवतं.

आता जाहिरातीतल्या सायकलींबद्दल (एक सायकल म्हणजे एकदा भरून एकदा उतरवणं). "३,००० सायकल" वाचून लिथियम घेऊ नका. तुमचा वापर वर्षाला ५०-६० सायकलींचा आहे. या गतीनं ३,००० व्हायला पन्नास वर्षं लागतील. त्याआधी वयानं, उष्णतेनं किंवा बीएमएस (सेल सांभाळणारं, धोका दिसला की बॅटरी तोडणारं आतलं सर्किट) जाऊन ती संपेल. पैसे मोजायचे ते वेगानं भरण्यासाठी, वजनासाठी आणि अर्धवट चार्ज सहन करण्यासाठी.

घाटमाथा

म्हणजे वायर काढायची, इन्व्हर्टर काढायचा, ट्युब्युलर काढायची. :) वायरमनला काय सांगू?

घराच्या पार्किंगमध्ये १५ अँपिअरचा प्लग पॉइंट आहे, हे सांगायचं राहिलं. एरवी गाडी तिथंच उभी असते. त्यानं काही फरक पडतो का?

मैलाचा_दगड

पडतो, आणि म्हणून मी थोडा उलट बोलतो.

पार्किंगमध्ये प्लग असेल आणि आठवडाभर गाडी त्यावर राहणार असेल, तर लेड-अ‍ॅसिड पूर्ण भरते आणि माती यांनी सांगितलेला सल्फेटचा प्रश्न बराचसा सुटतो. एवढ्या वापरात फ्रिज नसता, नुसते दिवे, एक पंखा आणि मोबाइल असते, तर मी १०० एएचची एकच एजीएम घ्या म्हणालो असतो. स्वस्त आहे, कुठल्याही तालुक्याच्या गावी बदलून मिळते, आणि संपल्यावर भंगारात शिशाचे पैसे येतात. जुनी लिथियम बॅटरी परत द्यायला गेलात तर दुकानदार सहसा काहीच देत नाही.

पण मग ट्युब्युलर नाही, एजीएमच. उंच ट्युब्युलर माणसं झोपतात त्या खोलीत ठेवायची वस्तू नाही. चार्ज होताना हायड्रोजन सोडते, अ‍ॅसिडची वाफ जवळच्या लगांवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या जोडांवर) हिरवट-पांढरी भुकटी चढवते, आणि आंबेनळीसारख्या घाटात गाडी कलली की झाकणाच्या बुचांतून अ‍ॅसिड झिरपतं. ठेवायचीच झाली तर बाहेर तोंड असलेल्या हवाबंद पेटीत, वरच्या बाजूला नळी काढून. एवढं करून वाचतात किती? तुमचा फ्रिज आहे, दोन रात्री आहेत, तेव्हा तुमच्यासाठी एजीएम पुरत नाही. लिथियमच.

कोटेशनांवरची तारीख मात्र बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून लेड-अ‍ॅसिडवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, लिथियम-आयनवर तो आधीपासून १८ होता. जुन्या दरानं लिहिलेलं कोटेशन असेल तर तुलना चुकते.

स्पितीबद्दल दोन शब्द, कारण पैसा तिथं बुडतो. ऑक्टोबरात काझाला रात्री पारा शून्याखाली जातो. एलएफपी शून्याखाली *वापरता* येते, *चार्ज* करता येत नाही. सेल गारठलेला असताना करंट ढकलला तर लिथियम कार्बनच्या आत शिरण्याऐवजी वर धातूच्या थरासारखं साचतं. ते पुन्हा निघत नाही, क्षमता कायमची जाते, पुढं आत शॉर्ट व्हायचाही धोका. सकाळी सातला इंजिन सुरू केलंत की डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरवरून मागची बॅटरी भरणारा) आपलं काम चालू करणार, त्याला थंडीची काय फिकीर! म्हणून बीएमएसमध्ये शून्याखाली चार्जिंग तोडायची सोय आहे का, हे विकत घेतानाच लेखी विचारा. "बीएमएस आहे" एवढ्या उत्तरावर जाऊ नका. ओव्हरचार्जचा बीएमएस सगळ्यांत असतो, थंडीचा सगळ्यांत नसतो. बॅटरी केबिनच्या आत, पलंगाखाली ठेवा. माणसं झोपलेली असतात तिथं सहसा शून्य गाठत नाही.

लेड-अ‍ॅसिडही थंडीत सुखी नसते. क्षमता घटते, आणि पूर्ण उतरलेली असेल तर आतलं पाणचट अ‍ॅसिड उणे सात-आठ अंशांनाच गोठून खोकं फुटू शकतं.

उलट टोक म्हणजे चंद्रपूरचा मे. ४५ अंशांत उभ्या गाडीत, बंद बाकाखाली ५५ व्हायला वेळ लागत नाही, आणि त्या सुमारास बरेच बीएमएस चार्जिंग बंद करतात. लोक म्हणतात "भर दुपारी सोलर चालत नाही". सोलर चालतंय, बॅटरी घेत नाहीये. बाकाला खालून-वरून जाळी द्या, एक छोटा पंखा लावा.

शून्य_व्होल्ट

लिथियम ठरलंच असेल तर बसवण्याबद्दल. बॅटरीपेक्षा बसवण्यातल्या चुकांनीच जास्त माल जळतो.

*अल्टरनेटर थेट जोडू नका.* लेड-अ‍ॅसिड स्वतःच करंट आवरते, लिथियम आवरत नाही. घाट चढताना, कमी आरपीएमवर, गार हवा कमी असताना अल्टरनेटर पूर्ण ताकदीनं ओतत राहतो आणि त्याची वाइंडिंग भाजते. दुसरा धोका, भर चार्जिंगमध्ये बीएमएसने बॅटरी तोडली तर लोड एकदम सुटतो, व्होल्टेज उसळतं आणि डायोड जातात. शिवाय काही बीएस-६ गाड्यांत अल्टरनेटरचं व्होल्टेज गाडी स्वतःच वर-खाली करते. या तिन्हींवर उपाय एकच, मध्ये १२-१२ चा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, इग्निशनवर चालू होणारा. त्याला येणारी वायर १६ स्क्वेअर एमएम, दोन्ही टोकांना बॅटरीजवळ ५० अँपिअरचा फ्यूज. ३५ अँपिअरला अर्धा व्होल्ट घसरतो, तो चार्जर भरून काढतो.

*सेटिंग.* सोलरच्या एमपीपीटीत (चार्ज कंट्रोलरमध्ये) आणि डीसी-डीसीत: अ‍ॅब्सॉर्प्शन (शेवटी धरून ठेवायचं व्होल्टेज) १४.२, वेळ अर्धा तास, फ्लोट १३.५, इक्वलायझेशन बंद, टेंपरेचर कॉम्पेन्सेशनही बंद. हे शेवटचं विसरतात. ते लेड-अ‍ॅसिडसाठी असतं, दर अंशामागे २४ मिलिव्होल्ट. चालू राहिलं तर उन्हाळ्यात लिथियम पूर्ण भरत नाही आणि सेल बॅलन्स होत नाहीत, कारण बॅलन्सिंग सहसा सेल ३.४ व्होल्टच्या वर गेल्यावरच सुरू होतं. नेहमी अर्धवट वापरत असाल तरी महिन्यातून एकदा १४.२ पर्यंत नेऊन अर्धा तास धरा.

*घरचा इन्व्हर्टर.* त्याचा चार्जर ट्युब्युलरसाठी आखलेला. वर व्होल्टेज जास्त गेलं की बीएमएस तोडतो, आणि खाली बॅटरी रिकामी होऊन बीएमएसने तोडली की टोकांवर शून्य व्होल्ट दिसतात. चार्जरला वाटतं बॅटरीच नाही, तो सुरूच होत नाही. बॅटरी मेली समजून लोक परत करायला नेतात. १,००० वॅटचा प्युअर साइन इन्व्हर्टर वेगळा आणि पार्किंगसाठी १४.४ व्होल्टचा ३० अँपिअर एलएफपी चार्जर वेगळा घ्या. २३० च्या बाजूला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच).

*इंडक्शन.* १,८०० वॅट म्हणजे इन्व्हर्टरचा तोटा धरून १२ व्होल्टला १७० अँपिअर. प्रत्येकी १०० अँपिअरचा बीएमएस असलेल्या दोन बॅटऱ्या कागदावर ते देतात. पण एका लगाचा रोध जरासा जास्त असला की करंट सारखा वाटला जात नाही. एक आधी तोडते, मग सगळा भार दुसरीवर, तीही तोडते, भात अर्धा कच्चा. शेगडी ६०० वॅटवर ठेवली तरी सुटका नाही. स्वस्त शेगड्या तिथं सलग ६०० घेत नाहीत, पूर्ण करंट चालू-बंद करत राहतात. एक लिटर पाणी उकळायलाच ११५ वॅट-तासांच्या आसपास जातात. पाच किलोचा सिलिंडर, एक बर्नर, गॅस डिटेक्टर. मिटलं. (ट्युब्युलरवर हेच करून बघायची हौस असेल तर: १५० एएच हा आकडा ७.५ अँपिअरने वीस तास उतरवल्याचा आहे. १७० अँपिअरला त्यातून ८० एएच निघाले तरी नशीब.)

*फ्यूज.* लिथियमचा अंतर्गत रोध इतका कमी की शॉर्ट झाला तर तीन-चार हजार अँपिअर सहज येतात. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून वीतभर अंतरात क्लास-टी फ्यूज. १,००० वॅटच्या इन्व्हर्टरला १२५ अँपिअरचा, केबल ३५ स्क्वेअर एमएम. घरातला एसी एमसीबी इथं लावू नका. एसी दर सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी विझते. डीसीत ती विझत नाही, एमसीबीच्या पोटात पेटत राहते.

*लग.* वायरमनला हे दाखवाच. हातोडी आणि पंचने ठोकलेला लग बाहेरून घट्ट दिसतो. करवतीनं मधोमध कापून पाहा: तारांच्या मध्ये काळ्या फटी दिसतात, एका बाजूच्या तारा चपट्या, दुसऱ्या बाजूच्या गोलच्या गोल. हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेला कापला तर षटकोनी भरीव तांबं दिसतं, तार वेगळी ओळखूच येत नाही. त्या काळ्या फटींत १०० अँपिअरला उष्णता होते, आधी हीटश्रिंक तपकिरी पडतो, मग बॅटरीचं टोक वितळतं. क्रिंपर दिवसाच्या भाड्यानं मिळतो.

घाटमाथा

इंडक्शन रद्द, घरच्यांना तुमचं नाव सांगितलंय. दोन गोष्टी उरल्या. दोन बॅटऱ्या पॅरलल करताना काही पथ्य? आणि माल खरा १०० एएचचा आहे हे कळायचं कसं?

ओहमकाका

पथ्य आहे. जोडण्याआधी दोन्ही वेगवेगळ्या पूर्ण भरा, तासभर ठेवा, मीटर लावा. फरक ०.०५ व्होल्टच्या आत असेल तरच जोडा, नाहीतर भरलेली रिकामीत एकदम ओतते. केबल दोन्हींच्या मध्ये सारख्या लांबीच्या, आणि बाहेरची पॉझिटिव्ह एका बॅटरीवरून, निगेटिव्ह दुसरीवरून, म्हणजे तिरकी. दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच वेळी घेतलेल्या. शेजारी जुनी लेड-अ‍ॅसिड "थोडा आधार" म्हणून पॅरलल लावायचा मोह टाळा.

इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना ठिणगी उडते आणि कधी बीएमएस शॉर्ट समजून तोडतो. आतले कपॅसिटर रिकामे असतात म्हणून. लग टेकवण्याआधी लग आणि टोक यांच्यामध्ये इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब धरा. क्षणभर उजळेल, मग मंद होत विझेल. विझला की बोल्ट लावा.

खरी क्षमता तपासायला गाडीचे चार एच-४ हेडलाइट बल्ब पुरतात. ६० वॅटची बाजू, चारही पॅरलल, लोखंडी पत्र्यावर ठेवून (काचेला हात लावू नका, भाजेल). साधारण २० अँपिअर ओढतात. मध्ये डीसी वॅट-मीटर घाला, बॅटरी पूर्ण भरलेली हवी. १०० एएचचा माल असेल तर पाच तासांच्या आसपास टिकेल आणि मीटर १,२८० च्या जवळपास वॅट-तास दाखवेल. साडेतीन तासांत बीएमएसने तोडलं तर आत एकतर ७० एएचचे सेल आहेत किंवा जुने काढून भरलेले. तोडल्यावर लगेच चार्ज करा, रात्रभर रिकामी ठेवू नका. हे बदलून द्यायच्या मुदतीत करा, बाकाखाली बसवल्यावर नाही.

घेताना केमिस्ट्री बिलावर लिहून घ्या. "लिथियम" नावाखाली एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) सेलचेही पॅक विकले जातात. त्याचे तीन सेल जोडले तर १२.६ व्होल्टला भरतात, चार जोडले तर १६.८ ला, १२ व्होल्टच्या सामानाशी दोन्ही जुळत नाहीत, आणि तापल्यावर एनएमसी एलएफपीपेक्षा बऱ्याच आधी पेट घेतो. एलएफपीचे चार सेल, ३.२ चे, मिळून १२.८.

शंट (निगेटिव्ह वायरीत बसून करंट मोजणारा तुकडा) असलेला बॅटरी मॉनिटर हवाच. व्होल्टेज बघून लिथियम किती उरली ते कळत नाही. ९० टक्क्यांना १३.३ आणि ४० टक्क्यांना १३.१, एवढाच फरक. सगळे निगेटिव्ह शंटच्या पलीकडून घ्या. एकही वायर थेट बॅटरीच्या टोकाला गेली तर मॉनिटर खोटं बोलायला लागतो, आणि ती बहुतेक वेळा सोलरची असते.

पावसाळ्यात गाडी दोन-तीन महिने उभी राहणार असेल तर पार्किंगचा चार्जर लावून ठेवू नका. बॅटरी ५०-६० टक्क्यांवर आणा, मेन स्विच काढा, सोलरचा ब्रेकरही पाडा. दर सहा आठवड्यांनी मॉनिटर बघा.

शून्य_व्होल्ट

काकांच्या त्या ब्रेकरबद्दल: आधी पॅनेलचा पाडायचा, मग बॅटरीचा. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. उलट केलंत आणि पॅनेल उन्हात असेल तर कंट्रोलरला बॅटरीशिवाय सोलरचं व्होल्टेज मिळतं, आणि काही कंट्रोलर त्यात जातात. पॅनेलवर चादर टाकून केलं तर आणखी बरं.